डावीकडे झुकणारा अ‍ॅम्प

आमच्या ह्यांच्या कानांचं कौतुक मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. सासूबाई सांगायच्या, की हे पाळण्यात असताना शेजारच्या घरातलं घड्याळ बंद पडलं तरी रडत उठायचे. पुढे टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि सगळं आयुष्य लायनींवरची खरखर ऐकण्यात गेलं. कुठल्या खांबावर पाणी शिरलंय ते हे खुर्चीत बसून सांगायचे, असं त्यांचे साहेब निरोप समारंभात म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मनात म्हणत होते, की स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो ह्या कानांना महिनाभर ऐकू आलेला नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या नाकावर ती तपासणीची जड चौकट ठेवते, तिच्यात काचा सरकवते आणि विचारते, "हे बरं दिसतंय, की हे?" हे ऐकून ऐकून माझंच डोकं उठतं. आणि घरी यावं तर नवरा हेच कानांच्या बाबतीत करत बसलेला असतो. फक्त त्याला गिऱ्हाईक लागत नाही, तो एकटाही करू शकतो.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी हेडफोनच्या अ‍ॅम्पचा नाद लावून घेतला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाणं वाजवणारं यंत्र एकीकडे, कानावरचा हेडफोन दुसरीकडे, आणि मध्ये जी पेटी बसते ती अ‍ॅम्प. तिच्याशिवायही गाणं ऐकू येतं. पण तसं आमच्या घरात बोलायचं नाही.

दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत मंडळ जमतं. हे, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर आणि ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, ज्यांना मी भाऊजी म्हणते. भाऊजींचं पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान आहे. चौघं मिळून टेबलावर अ‍ॅम्प मांडतात आणि एकच हेडफोन आळीपाळीने कानाला लावतात. एकजण डोळे मिटून ऐकतो आणि बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडे बघत गप्प बसतात. एकदा पोस्टमन दारात आला, त्याने आतली शांतता आणि चौघांचे चेहरे पाहिले, चपला काढल्या आणि मला हळूच विचारलं, कोण गेलं?

मंडळाचे नियम कडक आहेत. अ‍ॅम्पवर रुमाल टाकायचे आणि रुमालांवर आकडे लावायचे, म्हणजे किंमत आणि रूप बघून कुणी भुलायला नको. रुमाल टाकायचं काम माझ्याकडे, कारण मला कशातलंच काही कळत नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. गाणं एकच वाजवायचं. त्यात मधोमध एक बाई गाते, डावीकडे ढोल आणि उजवीकडे व्हायोलिन. ते गाणं मला आता इतकं पाठ आहे, की बाई श्वास घेते तेव्हा मीही घेते. आणि शेवटचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो सर्वांत कडक आहे. आधी ह्यांनी ऐकायचं, आधी ह्यांनी बोलायचं. हे म्हणाले उबदार, की अ‍ॅम्प उबदार. मॅनेजर लगेच म्हणायचे, "बैठक छान आहे." डॉक्टर म्हणायचे, "मुळं घट्ट आहेत." त्यांना दुसरी उपमा सुचत नाही.

भाऊजी तेवढे काही बोलायचे नाहीत. मान हलवायचे आणि चहाला छान म्हणायचे.

हे मंडळ मधल्या काळात इअरफोनच्या नादाला लागलं होतं. म्हणजे ते छोटे, थेट कानाच्या भोकात घालायचे. त्यांना रबरी बोंडं असतात, लहान, मध्यम, मोठी. कुठल्या बोंडाने आवाज कसा येतो याची तुलना करत हे आठवडाभर कानात बोटं घालून बसले होते. त्यात एक मधलं बोंड हरवलं. मग काय विचारता. तुझ्या केरसुणीने गेलं, म्हणाले. मी नाही म्हटलं. ह्यांनी केराची बादली वर्तमानपत्रावर ओतून बोंड शोधलं, सोफा उलटा केला, आणि न सापडल्याचा राग धरून दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. बोंडाएवढ्या गोष्टीवरून. मीही मग कानाला खडा लावला, की ह्यांच्या टेबलाखाली केर काढायचा नाही. पुढे इअरफोन कपाटात गेले आणि पुन्हा अ‍ॅम्प आले.

त्याच सुमारास भाऊजींनी त्यांचा अ‍ॅम्प आणला.

तो त्यांनी स्वतः बनवला होता. दुकान बंद केल्यावर, जेवणाआधीचा जो वेळ असतो त्यात, वर्षभर. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला होता आणि झाकणाला दोन भोकं पाडून काचेच्या दोन नळ्या बाहेर काढल्या होत्या. चालू केला की त्या नारिंगी व्हायच्या. भाऊजींनी डबा टेबलावर ठेवला आणि हात पुसत म्हणाले, की जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू नीट केल्या, ही पहिली आपली. माणूस एवढंच बोलला, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला फार बरं वाटलं त्यांच्यासाठी. त्यावर मी मुद्दाम माझा चांगला रुमाल टाकला.

ह्यांनी हेडफोन लावला. डोळे मिटले.  मग भुवई वर गेली. "डावीकडे झुकतोय," हे म्हणाले. "उजवी बाजू बसलेली आहे. व्हायोलिन कुठे आहे?"

मॅनेजरनी ऐकलं, त्यांनाही झुकताना दिसला. डॉक्टर म्हणाले, उजवीकडची दाढ पोकळ वाटते. भाऊजींनी स्वतः ऐकलं आणि त्यांचा चेहरा गोंधळला. त्यांना काही झुकल्यासारखं वाटत नव्हतं. मी मीटर लावून बघितलंय, दोन्ही बाजू सारख्या आहेत, असं ते चाचरत म्हणाले. त्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "मीटरला कान असतात का?"

आणि भाऊजींनी ते मानलं. हे मला आजही पटत नाही. जो माणूस इस्त्रीची कॉइल हातात घेऊन कुठे जळलंय ते सांगतो, त्याने हातातलं मीटर खोटं मानलं आणि मित्राचे कान खरे मानले. डबा घेऊन गेले. आवाजाचं बटण बदलून पुढच्या खेपेला आले. डावीकडे. नळ्या बदलून आले. डावीकडे. सगळ्या वायरी नव्याने टाकून आले, तरी डावीकडे. प्रत्येक खेपेला डबा जरा खाली मान घालून यायचा आणि भाऊजी त्याहून खाली. एका रविवारी चपला घालताना मला म्हणाले, "वहिनी, माझेच कान गेले बहुतेक. येत्या खेपेला बघतो, नाही जमलं तर मोडीत घालतो. हे आपलं काम नव्हे."

मला रडूच आलं. शाळेपासूनच्या मित्राला कुणी असं सोलून काढतं का? पण ह्यांना कशाचा पत्ताच नव्हता. ह्यांच्या मते आपण मित्राला सुधारत होतो. शिवाय मॅनेजरांचा परदेशी, चकचकीत अ‍ॅम्पही ह्यांना अलीकडे झुकलेला वाटत होता. मॅनेजरनी तो कंपनीकडे पाठवला. कंपनीने काहीही बिघाड नाही असं कळवलं, तर हे म्हणाले, कंपनीतले लोक बहिरे आहेत.

आता माझं सांगते. मी भोळी असेन, आंधळी नाही, तो माझा धंदाच आहे. काही गोष्टी मला दिसत होत्या. हे हल्ली फोन डाव्या कानाला लावत. जेवताना मी उजवीकडे बसते, आणि मी काही म्हटलं की हे "हं" म्हणत, मग ते वीज गेली असो की पाहुणे येणार असोत. आधी मी चिडले. मग मला त्यात सोय दिसली. तुमच्याही घरात असा कान असता तर तुम्हीही तेच केलं असतं. मी त्या कानात मनातलं बोलायला लागले. तुमच्या आईने मला पहिल्या वर्षी काय काय बोलून दाखवलं ते सांगितलं. तुमचा तो करडा शर्ट मी जाणूनबुजून बोहारणीला दिला ते सांगितलं. हे म्हणाले, "हं." इतकं मोकळं मला लग्नात कधी वाटलं नव्हतं.

म्हणून मी गप्प बसले, खोटं कशाला बोलू? पण एका शनिवारी सकाळी ह्यांच्या टेबलावरची धूळ पुसताना ह्यांच्या काळ्या अ‍ॅम्पवर हात गेला. त्याला डावी-उजवी बाजू कमी-जास्त करायचं एक बटण आहे. त्याची खूण मधोमध असायला हवी. ती पार उजवीकडे गेली होती. मी हेडफोन लावून पाहिला, तर व्हायोलिन कानात सुरी फिरवल्यासारखं आणि ढोल कुठेतरी लांब गावाला गेलेला. हे रोज असं ऐकत होते आणि म्हणत होते, आपला अ‍ॅम्प तेवढा सरळ आहे.

चष्म्याच्या दुकानात एक साधी गोष्ट आम्ही करतो. कुणी म्हणालं समोर ठिपका दिसतो, की चौकटीतली काच बोटाने फिरवायची. ठिपका फिरला तर डाग काचेवर. ठिपका जागचा हलला नाही तर डाग डोळ्यात. काच पुसून काही होणार नाही, माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

हेडफोनचंही तेच. उलटा घातला की डावं उजवीकडे जाणार. यंत्र झुकत असेल तर झुकणं बाजू बदलणार. इतकं सोपं आहे. पण या चौघांना ते कधीच सुचलं नाही, कारण हेडफोनवर डावं-उजवं लिहिलेलं असतं आणि लिहिलेलं उलटं घालणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने शर्टाच्या बाहीत पाय घालण्यासारखं.

संध्याकाळी हे मॅनेजरांचा कंपनीकडून परत आलेला अ‍ॅम्प तपासायला घेऊन ऐकत बसले होते. मी त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढला, पुसते म्हटलं, आणि परत घालताना उलटा घातला. ह्यांचे डोळेच चमकले. "अगं, व्हायोलिन आलं," म्हणाले. "किती दिवसांनी आलं. आज वीज चांगली आहे बहुतेक." मी विचारलं, आणि झुकणं? तर म्हणाले, तेवढं डावीकडेच आहे अजून.

म्हणजे ठिपका जागचा हलला नव्हता.  थट्टा बाजूला, पण या माणसाकडे दुसरं आहे काय? ना पैसा, ना शेती, ना गाता गळा. कान आहेत. चार लोक ह्यांच्या तोंडाकडे बघत बसतात ते त्या कानांसाठी. त्यातला एक गेला हे मी कुठल्या तोंडाने सांगू? मी जवळ बसले आणि सांगितलं, "अहो, तुमचा उजवा कान गेलाय. भाऊजींचा अ‍ॅम्प चांगला आहे." पण सांगितलं उजवीकडे बसून.

हे म्हणाले, "हं."

माझी हिंमत तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी मंडळ. भाऊजी डबा पिशवीतून घेऊन आले. बाहेर काढताना त्यांनी झाकणावरून हात फिरवला, ते मी पाहिलं, आणि माझं ठरलं. मंडळाला मी सांगितलं, की हेडफोनच्या गाद्या घामाने खराब झाल्यात, म्हणून कापडाची टोपडी शिवली आहेत. टोपड्यांखाली डावं-उजवं लिहिलेलं झाकलं गेलं. रुमाल टाकले. एक नंबर मॅनेजरांचा, दोन नंबर डॉक्टरांचा, तीन नंबर भाऊजींचा. ह्यांनी आपला काळा अ‍ॅम्प ठेवला नाही, परीक्षकाने भाग घेऊ नये म्हणून. हेडफोन पुढे करायचं काम मी मागून घेतलं.

एक नंबर सरळ दिला. डावीकडे झुकतो, व्हायोलिन पडद्याआड. दोन नंबर सरळ दिला. डावीकडे झुकतो, व्हायोलिन आजारी. मॅनेजर आणि डॉक्टर माना डोलवत होते. आपापल्या अ‍ॅम्पचा अपमान चालला आहे हे रुमालामुळे त्यांना कळत नव्हतं. भाऊजी आपल्या चपलांकडे बघत होते.

तीन नंबरला मी हेडफोन उलटा दिला.

ह्यांनी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. गाणं संपलं तरी नाहीत. मग हेडफोन काढून दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "हा अ‍ॅम्प नाही, हा माणूस आहे. झुकतो थोडा, पण व्हायोलिन असं मांडीवर येऊन बसलं." मॅनेजरनी तसाच कानाला लावला आणि म्हणाले, बैठक म्हणतात ती ही. डॉक्टरांनी तर दाताची उपमाच दिली नाही, इतके ते हलले होते. मी रुमाल उचलला. खाली बिस्किटांचा डबा होता.

 हे उठले आणि भाऊजींना मिठी मारली. भाऊजींचे डोळे भरून आले. "बघू, मला तरी ऐकू दे," ते म्हणाले, आणि हेडफोन घातला.

मी ट्रे उचलून आत पळणार होते. तेवढ्यात भाऊजींच्या चेहऱ्यावरचं हसू मी विरताना पाहिलं. ते गाणं त्यांनीही माझ्याइतकंच ऐकलं होतं. ढोल उजवीकडे वाजत होता. त्यांनी हेडफोन काढला, टोपडं बोटाने जरा मागे सारलं, खालचं अक्षर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्यांना सगळं कळलं. पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसाला बिघाड कुठे आहे ते कळायला किती वेळ लागतो?

आता ते बोलणार, असं मला वाटलं. तुझा कान फुटलाय आणि तू मला इतके महिने नाचवलंस, असं भर मंडळात म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. मी असते तर म्हटलं असतं.

भाऊजींनी टोपडं पुन्हा नीट केलं. "अरे, घोळ झालाय," ते म्हणाले. "वायरी उलट्या जोडल्यात मी. डावी उजवीकडे गेलीय. हा नंबर धरू नका."

मॅनेजर मोठ्याने हसले. इतक्या वर्षांचा मेकॅनिक आणि डावं-उजवं कळत नाही, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, हे म्हणजे चांगला दात उपटण्यासारखं झालं. भाऊजीही हसले. डबा पिशवीत घातला आणि दुकानात काम आहे म्हणून निघाले. आमचे हे मात्र हसले नाहीत. हेडफोनकडे बघत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक होतं, म्हणून कडेच्या खुर्चीवर बसून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी, कुठला?"

"उजवा."

मला माफी मागायची होती, पण त्यांनी मागू दिली नाही. ह्यांना सरळ सांगितलं तर हे डॉक्टरकडे येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तेव्हा भाऊजींनी युक्ती काढली. संध्याकाळी आमच्या घरी येऊन ते ह्यांना म्हणाले, की मला हल्ली नीट ऐकू येत नाही, कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय, एकट्याला भीती वाटते, तू चल. ह्यांची छाती फुगली. मित्राचे कान बिघडले आणि आपल्याला सोबतीला बोलावलं, यापरता मान नाही. मीही गेले. मला हे चुकवायचं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरीण बाई तरुण आणि घाईत होत्या. भाऊजींचे कान त्यांनी पाहिले, स्वच्छ आहेत म्हणाल्या. मग भाऊजी साळसूदपणे म्हणाले, "याचेही बघता का? याचे कान फार नावाजलेले आहेत. बघायला मिळतील तुम्हाला." हे खुशीने खुर्चीत बसले. बाईंनी डाव्या कानात बत्ती धरली आणि छान म्हणाल्या. उजव्या कानात धरली, वाकून पाहिलं. लांब चिमटा घेतला. हलू नका, म्हणाल्या.

चिमट्याच्या टोकाला काहीतरी काळं, छोटं, मळलेलं बाहेर आलं. बाईंनी ते कापसावर ठेवून पुसलं.

बोंड. मधलं.

असं नेहमी होतं, बाई म्हणाल्या, इअरफोन काढताना रबर आत राहतं, लोकांना कळत नाही, सर्दीने दडा बसला असं वाटतं. त्या असं बरंच काही सांगत होत्या, पण आमच्यापैकी कुणी ऐकत नव्हतं. मी बोंडाकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रावर ओतलेली केराची बादली येत होती. हसू आवरेना म्हणून मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. कान गेलेला नव्हता. नुसतं बूच होतं. एवढी हलकी मी कित्येक दिवसांत झाले नव्हते.

हे मात्र खुर्चीतच होते. बाईंनी चिमटा ताटलीत टाकला, तर दचकले. पंख्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी खोकलं, तिकडे पाहिलं. मग भाऊजींकडे वळले.

"वायरी उलट्या नव्हत्या ना?" ह्यांनी विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले.

"मग म्हणालास का तसं?"

भाऊजींनी खांदे उडवले. "माझी एक वस्तू होती. तुझं सगळंच होतं ते."

 घरी आल्यावर हे काळ्या अ‍ॅम्पपाशी गेले आणि बटणाची खूण हळूच मधोमध आणून ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, की तुझ्या केरसुणीने काही केलं नव्हतं. आमच्या घरात याला माफी म्हणतात.

बोंड टाकून द्या, कुणाला कळणार नाही, असं मी स्वतः सुचवलं. मंडळाला काय गरज आहे सांगायची? ह्यांनी ऐकलं नाही. मंडळाच्या पुढच्या रविवारी सगळे जमले, भाऊजींनी हो-नाही करत डबा आणला, तेव्हा हे उठले आणि काड्यापेटीत ठेवलेलं बोंड टेबलावर सगळ्यांच्या मध्ये ओतलं. "हे माझ्या उजव्या कानात होतं," म्हणाले. "किती महिने, ते हिच्या केरसुणीला विचारा. मॅनेजर, तुमचा अ‍ॅम्प झुकत नाही. डॉक्टर, तुमचाही नाही. आणि याचा तर कधीच झुकत नव्हता. मीटर खरं बोलत होतं." मला ह्यांचा इतका अभिमान वाटला, की मी हातातला पाण्याचा ट्रे तसाच धरून उभी राहिले.

 पोस्टमन आला असता तर त्याने पुन्हा चपला काढल्या असत्या. मॅनेजरनी बोंड जवळून न्याहाळलं, घसा साफ केला आणि म्हणाले, मला तेव्हाच शंका आली होती. डॉक्टर म्हणाले, मलाही.

त्या दिवशी रुमाल टाकले नाहीत. हे डबा समोर घेऊन बसले, हेडफोन सरळ घातला आणि ऐकायला लागले. गाणं संपलं, पुन्हा लावलं, पुन्हा संपलं. आम्ही चौघं तोंडाकडे बघत होतो. आता उबदार येतंय, की कोरडं, की पोटातून, याची मॅनेजर पेन्सिल चावत वाट बघत होते. ह्यांनी हेडफोन काढला आणि भाऊजींच्या हातात दिला.

"यात आता काही बदलू नकोस," हे म्हणाले. बस. दुसरा शब्द नाही.

भाऊजींनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, चहा छान झालाय वहिनी. चहा अजून केलेलाच नव्हता.

मी आत गेले. आधण ठेवलं आणि सवयीने पुटपुटले, "चार माणसं बसलीत, एकाला तरी उठून कपबश्या घ्यायचं सुचेल तर शपथ."

"आलो, आलो," बाहेरच्या खोलीतून आवाज आला. पाठोपाठ हे स्वतः दारात, हातात ट्रे. कपबश्या मांडता मांडता त्यांनी अगदी सहज विचारलं, "आणि काय गं, तो माझा करडा शर्ट कुठे आहे?"

मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. तिथून चटकन डावीकडे सरकले, पण तिकडचा कान तर पहिल्यापासूनच चालू होता.